इंजिनातली मिरची

आमची गाडी मी बिघडवली. माझ्या बायकोने नाही. वाक्य एवढंच आहे, पण घरातल्या माणसांसमोर ते बोलायला मी काही वर्षं घालवली, आणि बोललो तेव्हा त्या वाक्याने सुधारण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्या काळी तिची शाळा धानोऱ्याच्या पुढे, फाट्यावरून आत असलेल्या एका खेड्यात होती. लग्नानंतरची कितीतरी वर्षं ती नंदुरबारहून जीपने जायची. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि संध्याकाळची शेवटची जीप कुणासाठी थांबत नाही. शाळा सुटली की हिचा जीव त्या जीपमध्ये. वरच्या वर्गातल्या मुलींना एक तास जास्त शिकवावा असं तिला फार वाटायचं. त्या मुली घरी गेल्या की पाणी, भाकरी, लहान भावंडं यात पुस्तक उघडायच्या नाहीत. पण तो तास आणि जीप दोन्ही जमत नव्हतं.

म्हणून आम्ही गाडी घेतली. जुनी, छोटी, पेट्रोलवर चालणारी. घेतली ती तिच्या हट्टाने आणि तिच्यासाठी. तिने क्लास लावला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. आमच्या दोन्ही घरांत तोवर कुठल्याच बाईने चारचाकी चालवली नव्हती. पहिल्या दिवशी ती एकटी शाळेत जाऊन आली तेव्हा ओसरीवर पाणी पिता पिता म्हणाली, "आज पोरीसना तास लिधा." बस्स, एवढंच म्हणाली. पण तांब्या खाली ठेवल्यावरही ती हसतच होती.

गाडी तिची होती हे मी इथे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी जे केलं ते तिला न विचारता केलं.

आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको. एप्रिल लागला की दुपारी गाडीला ओढ राहत नाही. एसी लावला तर चढावर जीव जातो. मला वर्गात शिकवायची सवय: थंड हवा घन असते, तेवढ्याच जागेत तिच्यात प्राणवायू जास्त मावतो, म्हणून इंजिनाला जितकी थंड हवा द्याल तितकं ते जोरात चालेल. एका सुट्टीत मोबाइलवर मी याचेच व्हिडिओ बघत बसलो. कुठल्या तरी थंड देशातले गोरे लोक स्वच्छ गॅरेजमध्ये उभे राहून गाडीच्या हवेचा डबा काढून टाकायचे आणि तिथे चकचकीत पाइप बसवायचे. मला ते वेडच लागलं. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला असं वेड लागलं की तो त्याला अभ्यास म्हणतो.

निवड करायला तीन गोष्टी होत्या. एक, कंपनीचा प्लॅस्टिकचा डबा तसाच ठेवून आत फक्त चांगल्या प्रतीचा, धुता येणारा फिल्टर टाकायचा. यात काही धोका नव्हता, पण काही दिसणार, ऐकू येणारही नव्हतं. दोन, डबा काढून आखूड पाइपवर शंकूसारखा उघडा फिल्टर बॉनेटखालीच बसवायचा. आवाज छान येतो, पण तो इंजिनाची गरम हवाच ओढतो. हे मी ताबडतोब बाद केलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. तीन, लांब पाइप खाली नेऊन फिल्टर पुढच्या बंपरच्या मागे, चाकाशेजारी बसवायचा. तिथे बाहेरची हवा मिळते. ती जमिनीजवळची असते, एवढंच.

मी तिसरी निवडली.

पाण्याचा विचार मी केला होता. पावसाळ्यात फरशीपुलावर पाणी आलं तर खाली बसवलेला फिल्टर पाणी ओढेल आणि इंजिन जागच्या जागी मरेल, हे मला माहीत होतं. म्हणून मी पत्र्याचा एक आडोसा बनवून घेतला, आणि पाणी असलं तर त्या दिवशी गाडी न्यायची नाही असा नियम केला. मला वाटलं, धोका एवढाच. ज्यांचे व्हिडिओ मी बघत होतो त्यांच्या रस्त्याकडेला मिरची वाळत घातलेली नव्हती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी नंदुरबारचा. जन्म इथे गेला. तरी आलं नाही.

पाइप मागवला तो आमच्या गाडीचा नव्हताच. आमच्या मॉडेलसाठी तयार पाइप मिळत नव्हता, म्हणून दुसऱ्या गाडीचा घेतला. तो आला तेव्हा मी आणि ओळखीचा एक गॅरेजवाला असे दोघे एका रविवारी बसलो. बॉक्सातून वाकडातिकडा ॲल्युमिनियमचा पाइप निघाला तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, "मास्तर, गाडीले नाक बसाडी ऱ्हायनात का सोंड?"

आम्ही दोघेही हसलो. मग कामाला लागलो. कंपनीने हवा घ्यायचं तोंड उंच, बॉनेटच्या कडेशी ठेवलेलं होतं. ते आम्ही काढलं. पाइप खाली न्यायला आतलं प्लॅस्टिक कापलं. तापमान मोजणाऱ्या सेन्सरसाठी पाइपला भोक पाडलं. सगळं बसलं, फक्त फिल्टरचं तोंड पाइपापेक्षा थोडं मोठं निघालं. तिथे जोड सैल राहत होता. मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, पाइपाभोवती दोन वेढे घातले आणि वरून क्लिप आवळली. घट्ट बसलं. हाताने हलवून बघितलं, हललं नाही. ती पट्टी उन्हात आणि इंजिनाच्या झळीत किती दिवस मऊ राहील, हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्याने विचारला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती. मला स्वतःला तो सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी बायको शाळेतून आली आणि म्हणाली, "हाई काय वाजी ऱ्हायनं गाडीमा?"

"हवा जास्त घेस आते. पावर वाढनी."

"माले काय शर्यतमा उतरनं शे? पोरीसपर्यंत पोचनू म्हंजे झायं."

यावर मी तिला घनता समजावून सांगितली. तिने ऐकून घेतलं.

उन्हाळा बरा गेला, पावसाळाही गेला. गाडीत खरोखर फरक पडला होता की मला तसं वाटत होतं, हे आजही सांगता येणार नाही. आवाज मात्र भारी यायचा. मी चालवायला बसलो की तो ऐकण्यासाठी उगाच ॲक्सिलरेटर दाबून ठेवायचो, सिग्नलला उभा असलो तरी. ही सवय लक्षात ठेवा.

दिवाळीनंतर गावाबाहेर पथाऱ्या पडल्या. ओली लाल मिरची व्यापाऱ्यांकडे येते आणि मोकळ्या रानात पसरली जाते. त्या वाळवणाच्या जागेला आम्ही पथारी म्हणतो. लांबून जमिनीवर लाल सतरंज्या अंथरल्यासारखं दिसतं. बाया नाकातोंडाला फडकी बांधून मिरची खालीवर करतात, देठं खुडतात. मिरची वाळली की टरफलाचा बारीक चुरा आणि माती वाऱ्यावर येते आणि रस्त्याच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर, तरंगत राहते. बायकोचा शाळेचा रस्ता पथाऱ्यांच्या मधून जायचा. ती काचा वर करून जायची. गाडीचं नाक मात्र मी खाली नेऊन उघडं ठेवलं होतं.

महिन्याभरात गाडी बंद पडायला लागली. धावताना नाही; हळू केली, पाय उचलला, गतिरोधकावर किंवा वळणावर आली की. बायको घरी येऊन सांगायची, "आज दोन दाव बंद पडनी." मी म्हणायचो, क्लच नीट सोड. ती म्हणायची, नीटच सोडते. मग मी गाडी घेऊन चक्कर मारायचो, आवाजासाठी ॲक्सिलरेटर दाबून ठेवायचो, आणि गाडी माझ्या हातात एकदाही बंद पडायची नाही. परत येऊन किल्ली खुंटीवर लावत मी म्हणायचो, "काहीच नाही तिला."

तिने स्वतःवर शंका घ्यायला सुरुवात केली ती इथून. सकाळी निघण्याआधी अंगणात उभ्या गाडीत बसून ती क्लच दाबायची, हळूहळू सोडायची, परत दाबायची. मी खिडकीतून बघायचो आणि मला बरं वाटायचं, की माझं ऐकते आहे.

मग शाळेच्या स्नेहसंमेलनाचा दिवस आला. तिने मला आग्रहाने बोलावलं होतं. मुलींनी नाच बसवला होता, तिला तो मला दाखवायचा होता. गाडी तीच चालवत होती, मी शेजारी. धानोऱ्याला बाजार भरलेला. रस्ता अर्धा भाजीवाल्यांनी घेतलेला. थोड्या चढावर पुढे ट्रॅक्टर थांबला म्हणून तिने गाडी हळू केली आणि गाडी बंद पडली. तिने चावी फिरवली. सुरू झाली, परत बंद. तेवढ्यात गाडी हातभर मागे सरकली आणि मागे उभी असलेली मोटरसायकल आडवी झाली. तिला दुधाचे कॅन लावलेले होते. दूध रस्त्यावरून गटारीकडे निघालं.

कुणाला लागलं नाही. पण माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "गाडी दूध पी गई ना!" दुसरा म्हणाला, "बाईना हातमा स्टेरिंग दिधं का आसंच व्हस, भाऊ." हे तो मला म्हणाला होता. माझ्याकडे बघून हसला होता. आणि मीही हसलो. हसून मी दार उघडून उतरलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "क्लच! किती दाव सांगं तुले, क्लच!"

दूधवाला तिच्या शाळेतल्या एका मुलीचा बाप निघाला. तो आपली मोटरसायकल उभी करत होता. तिला हात जोडून म्हणाला, "जाऊ द्या बाई, दूधच शे. तुम्ही घाबरू नका." तिची बाजू त्या गर्दीत घेतली ती त्याने.

ती उतरून शेजारच्या सीटवर बसली. मी चालवायला बसलो, ॲक्सिलरेटर दाबला, गाडी गुरगुरली आणि एका झटक्यात निघाली. मुलींचा नाच आम्ही पाहिला. परतताना ती खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने किल्ली माझ्या हातात दिली. ती खुंटीवर लावली असती तर वेगळी गोष्ट होती. सोमवारपासून ती पुन्हा जीपने जाऊ लागली.

पुढच्या रविवारी मी बॉनेट उघडलं. शोधायचं असं काही मनात नव्हतं. फिल्टर धुवायचा होता. क्लिप सैल केली आणि ट्यूबची पट्टी तुकडे होऊन हातात आली. वाळलेल्या सालीसारखी कडक, मधोमध चिरलेली; त्या चिरेतून धूळ फिल्टरला वळसा घालून सरळ आत जात होती. फिल्टर ओढून काढला आणि पाइपात बोट फिरवलं. बोट लाल झालं. मला पहिली शिंक आली, मग लागोपाठ इतक्या आल्या की फेंडरला धरून उभं राहावं लागलं. पाइप वरपर्यंत काढला. जिथून हवा इंजिनात शिरते ते तोंड, तिथली झडप, सगळं तेलकट तांबड्या गाळाने माखलं होतं. गाडी हळू असताना त्या झडपेच्या फटीतून जेमतेम हवा जाते. ती फट बुजली होती. पाय उचलला की इंजिनाचा श्वास कोंडायचा. पाय दाबून ठेवला की झडप उघडी राहायची आणि काही कळायचं नाही. माझ्या हातात गाडी बंद का पडत नव्हती, ते तेव्हा समजलं.

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. भाकरीचं पीठ हाताला तसंच होतं. पदर नाकाला लावून म्हणाली, "कोन मिरची भाजी ऱ्हायनं?"

ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. पाइप माझ्या हातात होता. आतला लाल रंग तिला दाखवायला मला तो फक्त कलता करायचा होता.

मी म्हणालो, "पथारीकडथून वारा सुटना व्हई."

"इतला?" ती म्हणाली आणि आत गेली.

त्या क्षणाबद्दल मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली आहेत. शिंकांनी डोळ्यांत पाणी आलं होतं, काही सुचत नव्हतं. आधी साफ करू मग सांगू. आत्ता सांगितलं तर भरल्या घरात तमाशा होईल. यातलं एकही खरं नाही. बाजारात मी हसलो होतो, आणि पाइप कलता केला असता तर त्या हसण्याचं काय करायचं ते मला समजत नव्हतं.

मी गाडी गॅरेजला नेली, सगळं साफ करून घेतलं. कंपनीचा डबा मी आधीच भंगारात देऊन बसलो होतो, तसलाच जुना एक शोधून बसवला. गाडी बंद पडायची थांबली. पण इतके दिवस ती नुसती मिरची नाही, मातीही गिळत होती. आतून झिजली होती. ऑइल प्यायला लागली, मागून निळा धूर सोडायला लागली.

आमच्या घरी वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ आणि त्याची बायको राहतात; रात्रीचं जेवण एकत्र असतं. गाडी गॅरेजमधून आली त्या रात्री भावाने विचारलं, "काय निंघनं मंग गाडीमा?"

बायको वाढत होती. मी ताटाकडे बघत म्हणालो, "क्लच प्लेट गई व्हती. बदली टाकी."

भाऊ हसला. "वहिनी, पाय क्लचवरच ठेवेत का तुम्ही?"

तिने माझ्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, "व्हई भो. ठेवाई जात व्हई."

तिने ते मान्य केलं. मी खोटं बोललो आणि तिने ते स्वतःबद्दलचं खरं म्हणून ठेवून घेतलं. मी कधी सुचवलं, की चल, आता गाडी चांगली आहे, तर म्हणायची, "नको. परत क्लच जयी." मी जोर करायचो नाही. जोर करायचा तर खरं सांगावं लागलं असतं.

मुलींचा तास बंद झाला. दीड वर्षाने तिने बदली मागून घेतली. आता ती गावातल्याच शाळेत आहे, पायी जाते. जुन्या शाळेतल्या तिच्या वर्गातल्या दोघी-तिघींची लग्नं झाल्याचं एकदा तिने सांगितलं. तास चालू असता तर ती झाली नसती असं मी म्हणत नाही, आणि तीही म्हणाली नाही. लायसन्स कपाटात साड्यांच्या खाली आहे. गाडी घराच्या बाजूला उभी आहे. विकायला काढली तेव्हा येणारा प्रत्येक जण धूर बघून परत गेला. उन्हाळ्यात तिच्या टपावर बायको चादर टाकून पापड वाळवते. चालती गाडी तिने मला परत दिली होती. तिला वापरायला आता हा टप उरला आहे.

परवाच्या फाल्गुनात वर्षाची मिरची घरी आली. दरवर्षी रविवारी आम्ही सगळे ओसरीवर बसून देठं खुडतो. ठसक्याने बोलणं अर्धवट तुटत असतं, तरी बायका बोलतच असतात. भावाची बायको, हिची धाकटी जाऊ, म्हणाली, "ताई, मी बी गाडीना क्लास लावू का? आम्ही नवी घेवाव शेत."

बायकोने मूठभर देठं सुपात टाकली. "नको वं. माले बी तसंच वाटे. मन्हा पायथून क्लच गया तव्हय समजनं, हाई आपलं काम नही."

जाऊ म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे."

एवढ्या सहज. माझं खोटं तोवर आमच्या दोघांत होतं, निदान मला तसं वाटत होतं. ते आता माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्या बाईच्या ओटीत पडलं, आणि टाकणारी माझी बायको होती, भल्यासाठीच टाकत होती.

मी उठून माळ्यावर गेलो. तो शंकूसारखा फिल्टर मी फेकला नव्हता. का, ते माहीत नाही. खाली आणून तो सुपाशेजारी ठेवला. त्याच्या घड्यांत अजून लाल होतं. भावाने विचारलं, "हाई काय?" मी बायकोसमोर बसलो. बोलताना ठसका येत होता, म्हणून थांबत थांबत बोललो. तिचे हात देठं खुडत होते, ते मधेच कधीतरी थांबले. वर मात्र तिने बघितलं नाही.

"क्लच प्लेट मी बदलीच नही. क्लच चांगला व्हता, तुन्हा पाय बी चांगला व्हता. गाडी मन्हा पाइपमुये बंद पडे. आतमा मिरची गई व्हती. माले त्याच दिवशी समजनं व्हतं, तू नाकले पदर लाईसन मन्हासमोर उभी व्हती, तरी मी खोटं बोलनू. बाजारमा तुले हसनू. सर्वासमोर तुन्हं नाव लिधं, म्हनीसन सर्वासमोर सांगी ऱ्हायनू. चुकी मन्ही व्हती. माले माफ कर."